दुपट्ट्याखालचा आकडा

१२ नोव्हेंबर १९५९, नेर

आज लघवीतून पुन्हा रक्त. मोरीत पाणी ओतलं, तरी बायकोला, सत्यभामाला, दिसलंच. चूल फुंकत राहिली, नुसती फुंकत राहिली. लाकूड कोरडं होतं, पेटलेलं होतं, तरी फुंकत होती.

दुपारी कंपाउंडरकडे गेलो. त्यानं पोट दाबलं. मी ओरडलो. तो म्हणाला, "डोमाजी, खडा लिंबाएवढा झाला गा. आता काढ्यानं पडत नाही. यवतमाळले जा, फाडून काढा लागीन." मी म्हटलं, आपल्या वावरात कधी लिंबू लागलं नाही, आणि पिकलं कुठं पाहा! तोही हसला, मीही हसलो. घरी येईपर्यंत ते हसू पुरलं नाही.

निघताना त्यानं बाजूला घेऊन सांगितलं — "अफूवाल्याले टेबलावर घ्यायले डॉक्टर भेतात. पाहून घे."

काय पाहून घेऊ?

१५ नोव्हेंबर

तोंडात चव नाही. सगळं उदास.

१९ नोव्हेंबर

माल हलका येऊन राह्यला. शंकाच नाही. सरकारी अफूचं दुकान बंद झाल्यापासून रामलाल आणून देतो, चोरून. घरी सत्यभामा गोळ्या वळते. माझ्या हाताला कंप आहे, मी वळल्या तर एक मुगाएवढी, एक बोराएवढी. तिच्या सगळ्या तुरीच्या दाण्याएवढ्या, एकसारख्या. सकाळी दोन, दुपारी दोन, दिवेलागणीला दोन. डबी तिच्याकडे असते. मागितली की देते, कुरकुर नाही.

पण गोळी घेऊनही अंग ठणकतं. जांभया. नाकातून पाणी. उन्हात बसलो तरी काटा येतो. पूर्वी गोळी घेतली की जग मऊ व्हायचं. आता जग आहे तसंच राहतं, मीच बसल्या जागी झुरतो. एक नवल मात्र झालं — पोट रोज साफ! अफू खाणाऱ्याचं पोट साफ, हे बाजारात सांगितलं तर लोक मला वेड्यात काढतील.

आईची आठवण आली. मी तान्हा असताना तीच द्यायची — मोहरीएवढी, जिभेवर. मग बांधावर झोळीत टाकून कापूस वेचायला जायची. सगळ्याच बाया द्यायच्या. पोर रडलं तर वेचणी कोण करणार? मोठा झालो तशी सुटली. पुढे या खड्याच्या कळांनी पुन्हा धरवली.

२४ नोव्हेंबर

बैलबाजार. बसवत नव्हतं, तरी गेलो. दलाल बाजारात दिसला नाही की लोक त्याला मेलेला समजतात.

एकानं शिंगांना तेल-काजळ लावून बैल आणलेला. दातही घासलेले. चार जण भोवती उभे, वा वा करत. मी पाठ करून उभा राहिलो आणि म्हटलं, चालवा. चाल ऐकली. मागचा डावा खूर टेकतो तो दबकत. मी म्हटलं, "शिंगाले काजळ लावलं बाप्पा, पायाले काय लावशीन?" सगळे हसले. बैलवालाही हसला, म्हणाला, "या बुढ्याचे कान कापून घ्या रे कोणी!"

सौदा झाला. दुपट्टा टाकला, दोघांचे हात खाली. वर तोंडानं काय बोलायचं ते बोला — मरतुकडा म्हणा, भाकड म्हणा, शिव्या द्या. खाली भावाचं बोट दाबलं की तो शब्द. तिथं खोटं चालत नाही. एकदा खोटं बोट दाबलं की तो हात बाजारातून उठला.

माझ्या या हातात सुरुवातीला कुणी हात देत नव्हतं. मी दुपट्टा पसरला की समोरचा विटाळाच्या भीतीनं हात मागे घ्यायचा — "तू तोंडानंच सांग." सगळ्यांच्या समोर भाव बोलायला लागायचा आणि मी मार खायचो. वर्षं गेली त्यात. आता नेरपासून बाभुळगावपर्यंत सौदा अडला की मला बोलावतात. अफूवाला दलाल म्हणून नाव झालं तर? कोण देईल हात?

येताना रामलालला गाठलं. म्हटलं, "काय मिसळतोस बे?" तो बिचारा पांढरा पडला. "डोमाजीभाऊ, पोराची आण. जसा येतो तसा देतो. तुम्हाले फसवून मी कुठं जाऊ?" मी ऐकत होतो. खोटं बोलणाऱ्याचा आवाज शेवटी वर जातो. त्याचा गेला नाही. तरी मी त्याला चार शब्द बोललो. चूक कुणाची तरी असलीच पाहिजे.

३० नोव्हेंबर

कळ. लिहवत नाही.

३ डिसेंबर

ठरलं. यवतमाळला जायचं.

सत्यभामानं लुगड्यांचं गाठोडं बांधलं आणि मग तशीच बसून राहिली. म्हणाली, "बुद्धाची दीक्षा घेतली तवा देव सारे नाल्यात सोडून आलो आपण. आता मी नवस कोणाले बोलू?"

मी म्हटलं, "मले बोल."

"तुमाले काय वाहू?"

"पुरणाची पोळी."

हसली. मग पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती ते मला — मला! — ओळखू आलं नाही.

५ डिसेंबर, यवतमाळ

दवाखाना. फिनेलचा वास. माझी खाट भिंतीकडून दुसरी. शेजारी बाभुळगावकडचा उकंडा, पाय मोडलेला, विटांना बांधून लटकवलेला. त्याची बायको गंगी खाटेखालीच राहते. उकंड्यानं मला ओळखलं. "तुमीच का ते डोमाजी? बैलाचा पाय ऐकून सांगता? माझा ऐका बरं." मी म्हटलं, तुझा तर बोलतच नाही, छताकडं पाहून राह्यला. बरा माणूस आहे. पण बाजारातला आहे. त्याला कळलं की बाजाराला कळलं.

डॉक्टर गावंडे आले. तरुण आहेत. बैल पारखतात तसे माझे दात पाहिले, मग डोळे, मग पोट. सगळ्या वॉर्डासमोर विचारलं — "अफू घेता?"

"नाही जी. कधीमधी. सणासुदीले."

सत्यभामा पायाशी उभी होती. खाली पाहत होती.

डॉक्टर म्हणाले, "डोमाजी, नीट ऐका. टेबलावर नेण्याआधी मी सुई देणार, तुमच्या सांगण्यावर. तुम्ही कमी सांगितलं तर ती सुई पुरणार नाही, चिरताना अंग उसळेल. जास्त सांगितलं तर झोप लागेल ती मोडायची नाही. मला खरा आकडा पाहिजे."

मी म्हटलं, "खराच सांगितला." आवाज वर गेला. माझाच मला ऐकू आला.

७ डिसेंबर

पलीकडच्या म्हाताऱ्याला काल टेबलावर नेलं होतं. आज त्याची खाट धुऊन काढली.

खरा आकडा! आयुष्यभर तोंडानं कधी सांगितला नाही. धंद्यात तोंड हे आकडा लपवायलाच असतं.

८ डिसेंबर

आज सांगितला.

सत्यभामा विहिरीवर कपडे धुवायला गेली होती. डॉक्टर एकटेच आले, खाटेवर टेकले. मी म्हटलं, "साहेब, तोंडानं जमत नाही." त्यांनी उशाशी ठेवलेल्या माझ्या दुपट्ट्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझा बाप शेतकरी. बैल घ्यायला जायचा तेव्हा मी त्याच्या मांडीला टेकून बसायचो. खाली काय चाललंय ते पाहायला दुपट्टा उचलला म्हणून एकदा मार खाल्लाय. टाका."

टाकला. त्यांचा हात आत आला. गरम, धुतलेला, साबणाचा वास असलेला. मी पाची बोटं धरली. सोडली. मग एक दाबलं. आणि हळूच म्हटलं — तुरीचा दाणा.

"रोज?"

मी पुन्हा दाबलं.

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. म्हणाले, "चालू आहे तशीच ठेवा, आता सोडू नका. परवा सकाळी याच हिशोबानं सुई देतो. दुसऱ्या कुणाला दिली तर तो मरेल. तुम्हाला तेवढीच लागेल."

ते गेले तसा उकंडा म्हणाला, "काय गा, कायचा सौदा झाला?"

"डॉक्टर बैल घेऊन राह्यले."

"कोणता?"

"म्हातारा. पोटात खडा हाये म्हणून सोडून देऊन राह्यलो."

उकंडा एवढा हसला की त्याच्या पायाच्या विटा हलल्या आणि तो ओरडला. गंगीनं आम्हा दोघांनाही शिव्या घातल्या.

सत्यभामाला सांगितलं नाही. डॉक्टरांना अफूचं कळलं म्हटलं तर घाबरेल, घरी चला म्हणेल. एवढं खरं मी कधी कुणाजवळ बोललो नव्हतो. छातीवरचं ओझं उतरायला पाहिजे होतं. थोडं उतरलं. बाकीचं आहे तिथंच आहे.

९ डिसेंबर

उद्या.

दिवसभर अंग ठणकलं, नाक वाहिलं. सत्यभामानं गोळ्या दिल्या, वेळच्या वेळी. घेतल्या. काही नाही. उद्याच्या सुईत असली खरी अफू असेल — एवढ्याच एका गोष्टीची वाट पाहावीशी वाटते. लाज वाटते लिहायला. पण कुणाला दाखवायचं आहे?

तिला म्हटलं, काही झालं तर बाजारातल्या पोरांना सांग, माझी बैलजोडी कुणा मारकुट्याला द्यायची नाही.

"काही होत नाही," ती म्हणाली. "तुमचं अंग आता मोकळं हाये."

"मोकळं म्हंजे काय वं?"

ती पाण्याचा तांब्या भरायला उठली. तांब्या भरलेलाच होता.

मी फार विचार केला नाही. थकलो आहे. जगण्याचा सोस नाही, मरण्याची घाई नाही. आई दिसते सारखी. बांध, झोळी, आणि तिची पाठ — वेचत वेचत लांब जाणारी.

१० डिसेंबर, सकाळ

वऱ्हांड्यात सत्यभामा गंगीजवळ बोलत होती. कुजबुजत, दाराआड. मला ऐकू येणार नाही असं या जगात तिलाच वाटू शकतं!

"पोळ्याच्या टायमाले कंपाउंडर मले म्हणे, अफूवाल्याले टेबलावर घेत नाहीत. तवापासून गोळीत कोरफडीचा काळा बोळ मिसळून राह्यली मी. लेकराचं पोट साफ व्हायले देतो ना आपण, तोच. काळाच असते, कडूच असते. आधी चिमूट, मंग अर्धा, मंग वाढवतच गेली. दिवाळीपासून अफू नाहीच त्यात. त्याहिले पत्ता नाही! सांगितलं असतं तर दुसरीकडून आणली असती."

तेवढ्यात सिस्टर सुई भरून आली. माझ्या आकड्याची. म्हटलं, थांबा! डॉक्टरांना बोलवा. सत्यभामा धावत आत आली. डॉक्टर आले. मी काही समजावत बसलो नाही — दुपट्टा टाकला, आणि तिचा हात धरून खाली, डॉक्टरांच्या हातात सारला.

आता डॉक्टर दुसरी सुई भरायला गेले आहेत. पहिली त्यांनी मोरीत रिकामी केली, माझ्यासमोर. रंग उडाला होता त्यांचा.

तिला बोटांची भाषा येत नाही. तिनं एकही बोट न दाबता नुसती मूठ मिटून दिली.