सईचा गुडघा आणि माझ्या उरलेल्या गोळ्या

११ मार्च २००३, करामा, दुबई
आठवडाभर वही टाळली. लिहिलं की कबूल करावं लागेल म्हणून. सईच्या गुडघ्यावर परत गळू. दादाची सई, सहा वर्षांची, माझी इथली एकमेव मैत्रीण. गेल्या महिन्यात पहिलं गळू आलं तेव्हा अँटिबायोटिकची पट्टी मीच काढून दिली. माझ्या मानेवर उठलं होतं, तेव्हाच्या चार गोळ्या उरलेल्या. "अर्धी अर्धी द्या वहिनी, खलास." सुकलं, गोळ्या बंद केल्या. इथे घरोघरी गोळ्यांचा डबा असतोच, गावाहून भरून आणलेला. आम्ही सगळेच डॉक्टर.

१२ मार्च
क्लिनिक. मल्याळी डॉ. बाई. "आधा कोर्स किसने दिया?" वहिनी शांतपणे, "घर में पडा था." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेच जास्त लागलं. कापून पू काढला, तपासायला पाठवला. सईने माझा अंगठा धरलेला. "काका, डोन्ट लुक. यू विल फेंट." खुर्ची मलाच लागली.

१५ मार्च
रिपोर्ट. स्टॅफ नावाचा जंतू, नेहमीच्या औषधांना न जुमानणारा. कधी हॉस्पिटलात न राहिलेल्या मुलांतही आता सापडतो म्हणे. दुसरं औषध, दहा दिवस, एकही डोस चुकवायचा नाही. ताप आला तर अ‍ॅडमिट. "घर में और किसी को फोडा हुआ?" मी मान पुढे केली. समुद्रावर आमचा दोघांचा एकच टॉवेल, मगरीवाला. कुणाचं कुणाला गेलं, सांगता येत नाही, डॉ. बाई म्हणाल्या. मला सांगता येतंय.
दादा रास अल खैमाला, सिमेंटच्या फॅक्टरीत. एरवी शुक्रवारच्या सुट्टीला गुरुवारी येतो, ह्या खेपेला कामामुळे राहिला. वहिनी म्हणाल्या, "ह्यांना इतक्यात नको सांगूस. सगळं सोडून धावत येतील."

१६ मार्च
मस्कतला फिरायला जाणारी गाडी होती, माझी जागा धरलेली. मी नाही गेलो. टॉवेल उकळले. सईने मार्करने नावं घातली. माझ्या टॉवेलवर 'काका डर्टी'.

१७ मार्च, सोमवार
सकाळी ताप १०१. डॉ. बाईंना फोन केला. "चार बजे फिर देखो. कम नहीं हुआ तो यल्ला, चलो हॉस्पिटल." पिशवी भरून ठेवलीय, सईची बाहुलीपण.
चारला पाच कमी. बेल वाजली. दारात दादा, बुटांवर सिमेंट. मी फोन केलेला नाही, वहिनींनीही नाही. आतून सई, "आय कॉल्ड बाबा. यू बोथ वेअर स्केअर्ड."
आता तिच्याजवळ बसलाय, थर्मामीटर तिच्या काखेत. मला विचारतोय, पहिल्या वेळी औषध कुणी दिलं रे?