चटईखालच्या गाठी

प्रिय मेना,

तू पाठवलेली चित्रांची कार्डं डुकरांनी खाल्ली. सगळी नाही. 'छत्री' आणि 'बूट' तेवढे वाचले. कप, चमचा, कुत्रा, मांजर, बाकीचा संसार फस्त झाला. ती डुकरांच्या तोंडी गेली कशी, हे तू विचारणारच, म्हणून आधीच सांगते. तुझ्या बाबांनी फेकली, डाव्या हाताने, आणि मी पाहत उभी राहिले. रागवायचं असेल तर आत्ताच रागावून घे. पत्र लांब आहे.

फोनवर तू विचारायचीस, "आई, रोज करून घेतेस ना?" आणि मी हो म्हणायचे. पहिले दोन महिने ते खरंही होतं. तू ऑकलंडच्या वृद्धाश्रमात कामाला, तुझे तिथले म्हातारे या कार्डांनी बोलायला लागतात, आणि राजधानी आपियाहून येणाऱ्या नर्सबाईनेही तेच सांगितलं होतं: सकाळी दहा, संध्याकाळी दहा, चुकलं की पुन्हा. मला हे सांगायची गरज होती का? चाळीस वर्षं शाळेत मी दुसरं काय केलं? सिस्टर बेआत्रिसनी आम्हाला कॉन्व्हेंटात जसं शिकवलं, तसंच मी पट्टी घेऊन तुझ्या बाबांसमोर बसले. मारायला नव्हे, दाखवायला. पण पट्टी ती पट्टीच.

आणि आपली फाले म्हणजे चार खांब नि वर छप्पर. भिंत नाही, आडोसा नाही. माझी शिकवणी अख्खं गाव ऐकत होतं. मी 'चमचा' वर केला की त्यांचे ओठ थरथरायचे, 'च' येऊन तिथेच अडकायचा, आणि रस्त्यावरची पोरं एका सुरात ओरडायची, "चमचा!" वीस गावांचे मान, म्हणजे कुठल्या घराण्याला कुठल्या पदवीने, कुठल्या क्रमाने पुकारायचं ते, तोंडपाठ असलेला माणूस, मेना. देशातल्या कुठल्याही घराण्याचं मूळ विचारा, झोपेतून उठून सांगेल. त्याला आम्ही बूट दाखवत होतो. मी म्हणायचे, "अहो, काल तर म्हणाला होतात, आज का नाही?" ते तोंड फिरवून खांबाकडे बघत बसायचे. फेब्रुवारीतल्या अर्धांगाच्या झटक्यानंतर होते त्याहूनही कमी शब्द दोन महिन्यांनी त्यांच्याकडे उरले होते. ही माझ्या शिकवण्याची कमाई.

त्याच सुमारास तुम्ही भावंडांनी फोनवर बैठक घेतली. ऑक्टोबरात चर्चला पंचाहत्तर वर्षं होणार, पलीकडच्या किनाऱ्यावरचं अख्खं गाव पाहुणं येणार. त्यांच्या घराण्यांचे मान क्रमाने, कागदाशिवाय घ्यायचे. एखादा सुटला तर पाहुणे जेवून जातील, पण त्यांची नातवंडंही ते विसरणार नाहीत. गावाच्या वतीने बोलायचा मान आपल्या घराचा, आणि एकतीस वर्षं तो तुझ्या बाबांनी सांभाळला. तुम्ही ठरवलंत की वक्त्याची काठी तुमच्या चुलतभावाकडे, पेलेनातोकडे द्यावी आणि बाबांना ऑकलंडला न्यावं. थोरला म्हणाला, "आता त्यांना काय कळतंय!" तू काही बोलली नाहीस, तेही मी ऐकलं. फोन त्यांच्या उशाशी होता आणि आवाज मोठा ठेवला होता. त्यांना बोलता येत नव्हतं, मेना. ऐकू चांगलं येत होतं.

दुसऱ्या दिवशी कार्डं अंगणात गेली. त्यानंतर त्यांनी मला झावळी आणायला लावली, खुणेने. ती सोलून हीर काढायला लावले. मला वाटलं, केरसुणी करायची आहे. चला, हाताला तरी काम. त्यांनी एकेका हिराच्या बुडाला गाठी मारल्या, कुठे एक, कुठे तीन, कुठे पान गुंडाळलेलं. डाव्या हाताने आणि दातांनी. याला चार दिवस लागले. मग गाठींची बुडं चटईखाली सरकवली. बाहेर दिसायची ती नुसती टोकं, सगळी सारखी. रोज सकाळी ते एक हीर ओढायचे, गाठ चाचपायचे आणि बसून राहायचे. एकेक गाठ म्हणजे एकेक गाव होतं, हे मला आठवड्याने कळलं. तेही त्यांनी पहिलं नाव उच्चारलं तेव्हा. लालोमाउगा. घोगरं, तुटकं, पण पुरं. 'चमचा' न येणाऱ्या तोंडातून.

मी धावलेच. पुढचा मान मला ठाऊक होता, तो मी सांगून टाकला. त्यांनी सगळे हीर गोळा करून पुन्हा चटईखाली सारले आणि पहिल्यापासून सुरू केलं. दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा त्यांनी बोट माझ्या ओठांवर ठेवलं आणि म्हणाले, "तू... बाहेर." एकोणसत्तराव्या वर्षी मला माझ्याच घरातून वर्गाबाहेर काढलं! मी बाहेर जाऊन तारोचे कंद सोलत बसले आणि तासभर स्वतःशीच बडबडत होते.

पण मी मास्तरीण आहे. राग येतो तेव्हाही मी नोंद ठेवते. शाळेची जुनी हजेरीवही काढली आणि त्यांना कळू न देता लिहायला लागले. जे शब्द मी पुरवले होते, ते दुपारपर्यंत टिकत नव्हते. जे त्यांनी स्वतः खणून काढले, ते दुसऱ्या दिवशी हजर. हे एकवेळ समजण्यासारखं आहे. पुढचं समजत नव्हतं. एका दिवशी मी गोड बोलून म्हटलं, "तुम्ही दमता, निम्मे हीर मी ओढते." ते हो म्हणाले. पाच मी ओढले, पाच त्यांनी. टोकं सारखीच, कुठलं गाव हाती येईल हे त्यांनाही माहीत नव्हतं नि मलाही. म्हणजे निवड अशी काही नव्हतीच, नशीब तेच. तरी दुसऱ्या दिवशी त्यांच्या हाताने आलेली गावं चार आठवली, माझ्या हातची एक. महिनाभर मी हे करून पाहिलं, चोरून, पुन्हापुन्हा. वहीत अजून आहे, ये आणि बघ. ओढणारा हात स्वतःचा असला की डोकं जागं होतं, एवढंच मला त्यातून कळलं. चाळीस वर्षं हीर मीच ओढत आले होते, हेही कळलं, पण ते वहीत लिहिलं नाही.

ऑगस्टात त्यांच्याकडे अकरा गावं होती, सप्टेंबरात सतरा. चमचा अजूनही येत नव्हता, अजून येत नाही. परवा त्यांनी त्याला 'खायचं वल्हं' म्हटलं. मी चूक न काढता चमचा पुढे केला.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी पेलेनातो आला. आपला पुतण्या चांगला आहे, पण दयाळू माणसासारखा दुसरा ताप नाही. म्हणाला, "काकू, सगळ्यांशी बोललोय. काकांना उभं करू. आम्ही एकेक करून माघार घेऊ, ते दोन शब्द बोलतील, मग मी मागून सांभाळून घेतो. त्यांचा मान राहील." मी विचारलं, "आणि त्यांना विचारलंस?" तो म्हणाला, "त्यांना कशाला त्रास?" मी त्याला काय म्हणाले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, सिस्टर बेआत्रिस थडग्यात उठून बसतील.

तुला तर माहीतच आहे, पाहुण्यांसमोर कोण बोलणार यावर आपल्या वक्त्यांचं भांडण होतं. गोड भाषेतलं, पण भांडणच. तासभर चालतं, आणि जो सगळ्यांना हरवतो तो बोलतो. पाहुणे झाडांखाली बसून तेच ऐकायला येतात. त्या दिवशी आपले सहा जण काठ्या टेकून मैदानात उभे राहिले. पहिला म्हणाला, "आज थोरल्यांनीच बोलावं." दुसरा म्हणाला, "थोरल्यांनीच." तिसरा, चौथा, सगळे मोजून तीन मिनिटांत गप्प. पाहुण्यांच्या माना खाली गेल्या. हे दयेपोटी आधीच ठरलंय, हे त्यांना कळलं होतं. मैदानातल्या कुत्र्यालाही कळलं असेल.

तुझ्या बाबांनी काठी जमिनीवर आपटली. म्हणाले, "भांडा."

पेलेनातो हळूच म्हणाला, "काका, आमची काही हरकत नाही."

"माझी आहे," ते म्हणाले. एकेक शब्द दगडासारखा उचलून ठेवत. "भीक... नको. भांड."

पेलेनातोचा चेहरा लाल झाला. मग, देव त्याचं भलं करो, तो खरंच भांडला. म्हणाला, "काका, तुमची काठी जुनी झाली. तुमचं वाक्य संपेपर्यंत पाहुण्यांचं डुक्कर भट्टीत जळेल." बायका हसल्या. बाबा म्हणाले, "जळू दे. तुझं बोलणं... कच्चंच असतं." तेव्हा पाहुण्यांकडूनही हशा आला, आणि माना वर झाल्या. मग बाकीचेही उतरले. एकाने त्यांच्या वाकड्या तोंडावरून टोमणा मारला, एकाने जुनी चूक उकरून काढली. मी आयुष्यात कधी माझ्या नवऱ्याचा अपमान इतक्या आनंदाने ऐकला नव्हता. पाऊण तास लागला. एकेक काठी खाली आली आणि मैदानात ते एकटे उरले.

त्यांनी वक्त्याची चवरी खांद्यावर टाकली आणि सुरुवात केली. भाषण सुंदर होतं असं मी म्हणणार नाही, मी खोटं बोलत नाही. ते खडकाळ वाटेवरून चालल्यासारखं होतं. पहिलं घराणं, दुसरं, तिसरं. चौथ्याला ते थांबले. समुद्र ऐकू यायला लागला. पेलेनातो ओठ हलवायला पुढे झाला आणि मागे सरला. ते नाव मला ठाऊक होतं, मेना. माझ्या जिभेवर होतं. मी कमरेला गुंडाळलेल्या लावालावाचं टोक तोंडात कोंबलं. 'नमो मरिये' दहादा म्हणून होईल इतका वेळ ते उभे होते, घाबरलेले नव्हते. शोधत होते. आणि त्यांना सापडलं. ते त्यांनी असं उच्चारलं की पलीकडचा म्हातारा वक्ता झाडाखालून उठून ओरडला, "मालिए!" आणि मग सगळं मैदान वाहवा करत ओरडलं, मालिए, मालिए. एकही घराणं सुटलं नाही. फक्त फादरचं नाव घ्यायला ते विसरले. फादर अजून गाल फुगवून आहेत, असू देत.

आता हे पत्र का, ते सांगते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बसवलं आणि सबंध सकाळ घेऊन एक गोष्ट सांगितली. हे त्यांचं शेवटचं भाषण होतं. कुणी काढून घेतलं म्हणून नव्हे. काठी ते स्वतः देणार आहेत, आणि कुणाला द्यायचं ते त्यांचं ते ठरवणार आहेत. मला वाटलं, पेलेनातो. ते म्हणाले, "मेना." मग त्यांनी सांगितलं की तू आठ वर्षांची होतीस तेव्हा, माझ्या वर्गात धर्मपाठाचा एक प्रश्न आठवत नाही म्हणून मी तुला दारात उभी करायचे, आणि तू घरी येऊन, ते सराव करत तेव्हा त्यांच्या पाठीमागे बसून वीसच्या वीस गावांचे मान ऐकून ऐकून पाठ केलेस, कुणी न सांगता. ते चुकले तर तू त्यांच्या पाठीवर बोट टोचायचीस. ही गोष्ट तुम्ही दोघांनी माझ्यापासून अडतीस वर्षं लपवली, कारण मला कळलं असतं तर मी तुमची परीक्षा घेतली असती. खरं आहे. घेतली असती. गावात मी सांगत फिरले की माझ्या मुलीच्या डोक्यात काही राहत नाही, आणि माझ्याच घरात, माझ्याकडे पाठ करून, सगळं राहत होतं. त्याबद्दल मला क्षमा कर. मागायला उशीर झालाय, पण मागते आहे. इथल्या घरच्यांची बैठक झाली, सगळ्यांचा होकार आहे. पेलेनातो म्हणतो, "ताईला हवं असेल तर मी तिच्या मागे उभा राहीन, नको असेल तर मी आहेच." तेव्हा विचारते: घेशील का? ये असं मी सांगत नाही. नाही म्हणालीस तरी इथे कुणाचं तोंड वाकडं होणार नाही, ज्यांचं आहे ते सोडून. तुझ्या वेळेने ठरव, मी फोन करणार नाही. ते रोज दुपारी रस्त्याकडे तोंड करून बसतात, हे तुला कळवायचं नाही असं त्यांनी मला बजावलंय. कळवलं. चाळीस वर्षांची सवय, एका वर्षात कितीशी सुटणार!

तुझीच,
आई