ओठांत धरलेले खिळे

सौंसर, रविवार, दिवेलागण

आज खोटं बोललो. बाबांसमोर.

पांढुर्ण्याहून बहिणीची मुलगी आली होती. ती पेशींवर संशोधन करते. बाबांच्या जुन्या छापखान्याचा विषय निघाला. लग्नपत्रिका जुळवताना बाबा शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, ओठांत धरत.

"तोंडात कायले, आजोबा?"

"तुझ्या आजीले उत्तर द्याचं टळे."

शाळा सुटली की मीही ओठांत खिळे धरून त्यांच्याशेजारी उभा राहायचो. किंचित गोड लागायचे. शाईचा वास, बाबांचं गुणगुणणं. तसं सुख पुन्हा कधी मिळालं?

ती सांगत होती, पेशी शिसं प्रथिनात बांधून ठेवतात, हाडं साठवतात. शरीर निभावून नेतं. पण म्हातारपणी हाडं झिजली की तेच शिसं परत रक्तात उतरतं.

"मामा, तुम्ही पण धरत होते काय?"

"नाही." बाबांना दोष लागू नये म्हणून. की ती गोडी कुणी विष म्हणू नये म्हणून?

बाबा खाटेवर उठून बसले. "खोटं बोलून राहिला तो. खिळे धराले मीच शिकवलं त्याले." मग तिच्याकडे वळले. "पोरी, रक्त कुठं तपासतात? उद्या आम्हा दोघायले घेऊन चाल. पयले त्याचं."