माझ्या नावाची बाई

बर्नली, मंगळवार

प्रिय ग्वेन,

हो, ग्वेनच. ग्वेन गटरिज. बेचाळीस वर्षांत या नावाने तुला कुणी हाक मारली नसेल. वर 'इसोबेल थॉर्नली' लिहायला माझा हात धजत नाही, कारण ते नाव माझं आहे आणि तू ते चोरलंस.

मालिकेतली तुझी ती पोस्टमास्तरीण मी वीस वर्षं टीव्हीवर पाहिली. छान करायचीस, रागातसुद्धा खोटं बोलवत नाही. माझ्या भूमिका म्हणशील तर नऊ घरमालकिणी, चौदा नर्सा, आणि सकाळचा चहा घेऊन खोलीत शिरणाऱ्या, प्रेत पाहून ट्रे टाकणाऱ्या मोलकरणी किती झाल्या ते देव जाणे. आपल्यासारख्यांना लोक बसमध्ये अडवतात, "तुम्हाला कुठंतरी पाहिलंय हो!" म्हणतात आणि पुढच्या थांब्यावर उतरून जातात. म्हणून तर शेवटी पडद्यावर सरकणारी ती नावाची एक ओळ आपला जीव की प्राण असते. तीच तू नेलीस.

ओल्डहॅमच्या नाटक कंपनीत असताना आपण एका खोलीत राहायचो. नटांच्या युनियनचे फॉर्म भरले त्या दिवशी मी तापाने फणफणले होते. "आण इकडे, दोन्ही मीच पेटीत टाकते," म्हणालीस. केवढी माया! तुझ्यावर माझंच नाव लिहून तो टाकलास आणि माझा चार दिवस कोटाच्या खिशात ठेवलास. युनियनमध्ये एकाच नावाच्या दोघी चालत नाहीत, हा नियम तुला पक्का ठाऊक होता. मला उत्तर आलं, हे नाव आधीच नोंदलेलं आहे, दुसरं कळवा. कोण ही भवानी, म्हणून मी तुझ्याच गळ्यात पडून रडले आणि तू मला गरम सूप पाजलंस! पुढच्या नाटकाच्या जाहिरातीत तुझ्या भूमिकेपुढे माझं नाव छापून आलं, तेव्हा काय म्हणालीस आठवतं? "अगं, गटरिज म्हटलं की लोकांना गटार आठवतं. तुला काय, तुला कुठलंही नाव शोभेल." मी आजीचं नाव घेतलं आणि ॲडा मार्श झाले.

हे सगळं मी गिळलं. आईचं मात्र गिळवत नाही. नाव गेल्याचं तिला सांगायचा मला धीर झाला नव्हता, ती चूक माझी. कार्यक्रमांच्या यादीत तिने 'इसोबेल थॉर्नली' वाचलं, भाड्याने टीव्ही आणला, गिरणीतल्या मैत्रिणींना जमवलं, केक केला. आणि पडद्यावर तू. आई म्हणाली, "काय गं बाई रंगवलंय पोरीला, ओळखूसुद्धा येत नाही!" शेजारची मिसेस क्लेग केक खाता खाता म्हणाली, "रंग कसला, मेबल? ही तुझी पोरगीच नव्हे." त्यानंतर माझं काम असलं तरी आईने कुणाला घरी बोलावलं नाही. ती गेली तेव्हाही गल्लीत समजूत हीच होती, की मेबलची मुलगी लंडनला जाऊन थापा मारते.

आता पत्राचं कारण. नगरपालिकेचं आमंत्रण आलंय, ॲडा मार्श या नावाने, गल्लीतली जुनी रहिवासी म्हणून. नामवंत अभिनेत्री इसोबेल थॉर्नली हिच्या जन्मघरावर शनिवारी पाटी लागणार. त्या शहाण्यांनी जन्मनोंदीत नाव शोधलं आणि सापडलं कॅल्डर स्ट्रीट, चौदा नंबर. माझं घर! तू 'नाही' म्हणायचं सोडून वार्ताहराला सांगतेस, की या कोळशाच्या तळघराच्या पायऱ्यांवर मी पाठांतर करायची? त्या पायऱ्या तू जन्मात पाहिल्या नाहीस, ग्वेन. मीच तुला ते सांगितलं होतं, तापात. माझा जन्मदाखला आज सकाळी नगरपालिकेला धाडलाय. ते काय करतील ते करोत, पण शनिवारच्या आत तू स्वतः त्यांना फोन कर आणि खरं सांग, नाहीतर सगळ्यांसमोर मी सांगेन. नाव नेलंस, वापरलंस, आता ठेव तुझ्याकडेच. माझ्या आईचं दार तुला मिळणार नाही.

तुझीच, एके काळची,
इसोबेल