व्हॉल्व गरम होईपर्यंत

कामरगाव,
ता. १४ नोव्हेंबर १९७४

चि. दौलतराव यास देवमनचा प्रेमाचा जयभीम. इकडील सर्व मंडळी बरी आहेत असे लिहिण्याची पद्धत आहे म्हणून लिहिले, खरे काय ते पुढे कळेलच. तुझी तब्येत, सौ. लिलाबाईची तब्येत आणि रेल्वेची तब्येत कशी आहे ते कळवावे. (इतकं पुस्तकातलं लिहिता लिहिता हात आखडला. आता आपल्या बोलीत लिहितो. नागपूरले राहून विसरला असशील तं शेजाऱ्याकून वाचून घे.)

पत्राचं कारण का, रेडिओ बंद पडला. तू पहिल्या पगारातून पाठवला तोच व्हॉल्वचा सेट. त्याच्या पोटातलं सारं काढून ट्रान्झिस्टर बसवावं का नाई, हे ठरता ठरत नाई, अन् त्याच्यापायी माह्या डोक्याचा भुगा झाला. तू म्हणशील, एवढ्याशा गोष्टीले पत्र कायले? ऐक मंग.

बाबाले होळीच्या टायमाले लकवा मारला, हे तुले कळवलं होतं (उत्तर आलं नाई, तुले डुटी असन, मी काई म्हणत नाई). तवापासून बाबा दिवसभर एक शब्द बोलत नाई. बोलते ते दिवसातून एकदाच. त्याचा तो जुना कायदा तुले ठाऊक हाय. संध्याकाळी बटन दाबलं का व्हॉल्व गरम होऊन आवाज येईपर्यंत घरात कोनं तोंड उघडाचं नाई. "सेट तापून राह्यला, गप बसा!" पाव्हना असो का सरपंच, सारे मुके. आता त्याच मिनिटात घर चिडीचूप झालं का बाबा बोलते. आवाज आला का खलास, थेट दुसऱ्या दिवशी. डॉक्टरले सांगतलं तं तो हासला. मले हासू येत नाई, दौलत. आपला बाप आता रोजचा एक मिनिट जिता हाय, बाकी नुसता श्वास चालते.

अन् एका मिनिटात होते काय? जीभ जड. अर्ध्या वाक्यावर बातम्यावाला येऊन टपकते. मले त्या न पाह्यलेल्या माणसाचा असा राग येते का इचारू नको. मंग ध्यानात आलं, शेजारच्या शालिग्रामची पिठाची गिरणी चालू असली का लाइट मंदावते, अन् सेट तापाले दोन-दोन मिनिटं घेते. सारं गाव शालिग्रामले शिव्या देते का संध्याकाळी गिरणी चालवू नको. मी एकटा हात जोडाले गेलो का भाऊ, चालव! त्यानं मले वरपासून खालपर्यंत पाह्यलं अन् म्हणे, मंग दळण आण. झालं. रोज पायलीभर ज्वारी, दीड महिना. घरातले डबे भरले, पिठात अळ्या झाल्या, तुह्या वहिनीनं, चंपानं, माह्याशी बोलणं सोडलं (म्हणजे घरात मुके दोन झाले).

मागच्या मंगळवारी सेट गेला. कारंज्याले मोहनसिंग मिस्त्रीकडे नेला. त्यानं मागचं फळकूट खोललं, नाक लावून वास घेतला अन् इचारलं, "कमी लाइटवर चालवत होते का रोज?" मी म्हटलं, नाई बुवा. खोटं बोललो. ज्या सेटानं बाप बोलत होता, तो मीच दळून दळून मारला.

मोहनसिंग म्हणते, असा व्हॉल्व आता अकोल्यातबी भेटत नाई. डबा हाच ठेवू, आत ट्रान्झिस्टर टाकू. लाइट नको, सेलवर चालन, बटन दाबलं का लगेच आवाज. गाव खूश. चंपाबी (एकदाची बोलली) म्हणे का बदलून घ्या, अर्धा डबा रिकामा राह्यते, त्याच्यात गूळ ठेवता येईन. गावातल्या मारोतरावनं असाच सेट बदलून घेतला अन् त्याच्या रिकाम्या अर्ध्या डब्यात उंदरीण व्याली, हे मी तिले सांगतलं नाई. मोहनसिंगले मी हळूच म्हटलं, असा बसव का दोन मिनिटं उशिरा वाजला पायजे. तो म्हणे, "काका, लोकं लवकर वाजवाले येतात माह्याकडे. तुमाले झालं काय?"

मंग सेट तसाच घरी आणला अन् मेलेलं बटन दाबून पाह्यलं. बाबा बोलला. पह्यल्यांदा वाक्य पुरं केलं. पण बोलणं झाल्यावर तो आवाजाची वाट पाहत डब्याकडे डोळे लावून बसला. जेवण निवलं, तरी बसला. मंग डोळ्यांतून पाणी चालू झालं, ते थांबेच ना. दुसऱ्यांदा तसं कराची माह्यात हिंमत नाई.

तं बदललं तर बाप मुका, नाई बदललं तर बाप रडते. तू शिकेल हायेस. काय करू ते कळव.

तुझा मोठा भाऊ,
देवमन

ता. क. – नागपुरात जुन्या सामानाच्या दुकानात व्हॉल्व पाह्यजो. नंबर सोबतच्या चिठ्ठीवर लिहिला हाय.

ता. क. – व्हॉल्व नाई भेटला तरी तू ये. लिलाबाईले घेऊन ये. वर सारं लिहिलं, पण बाबा त्या मिनिटात बोलते काय, ते लिहिलं नाई. लिहाले जीव होत नव्हता. तो माह्याशी बोलतच नाई. मले दौलत समजते. मीबी "हो बाबा, मी दौलत" म्हणतो, नाई तं करू काय? दीड महिना त्याचं वाक्य "दौलत, मी तवा तुले..." इतक्यावरच तुटत होतं. त्या दिवशी पुरं झालं. म्हणे, "दौलत, मी तवा तुले अन् तुह्या नवरीले दारातून वापस लावलं. चुकलं माह्यं. आत ये." मंग त्यानं इचारलं, "देवमन कुठी गेला?"

मी म्हटलं, वावरात गेला.