सारजाचं गाणं

पिंपरी,
शनिवार, ता. ११ डिसेंबर १९५४

ती. कुसुमताईस,
ज्योतीरामचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे आम्ही खुशाल आहोत. थंडीने दाजींचा खोकला वाढला नसावा.

हे पत्र घेऊन दुर्गाच तुझ्या दारात आली असेल. तिचे दिवस भरत आलेत, माहेरी कुणी उरलं नाही आणि इथे पत्र्याच्या खोपटात गारठा फार, म्हणून पाठवली. तिलाही एवढंच सांगितलंय. पुढचं दाजींकडून वाचून घे, पण तिच्यासमोर नको.

कारखान्याच्या बांधकामावर आमच्यातली सारजा परांचीवरून पडून गेली. बांबूंना बांधलेले दोर कुजले होते. ठेकेदार म्हणतो, ती त्या दिवशी कामावर नव्हतीच, पाण्याला गेली आणि विहिरीत पडली. मी परांचीखाली विटा भिजवत होतो. सगळं पाहिलं, आणि कुणी विचारलं तेव्हा गप्प राहिलो.

मागच्या आठवड्यात गुरुवारी भजनाला बसलो, तर देवाचं काही सुचेना. हे आलं:

सारजा चढली परांचीवर । कुजका दोर, घमेलं डोईवर ॥
ज्योतीराम म्हणे मी होतो खाली । माझ्या देखत सारजा गेली ॥

शेवटी रचणाऱ्याने आपलं नाव घालायचं ही भजनाची रीत. मीही सवयीने घातलं. तुला ठाऊक आहे, चारचौघांत माझं नाव गायलं गेलं की मला कोण आनंद होतो. आजवर गाणी रचली ती त्याचसाठी. पण हे गाणं बाया घमेली उचलताना म्हणू लागल्या, आणि चौकशीला पुण्याहून आलेल्या साहेबाने ते ऐकलं. त्याने विचारलं, हा ज्योतीराम कोण? सोमवारी मला बोलावलंय.

काल मुकादम रंगरावने खांद्यावर हात ठेवला. "गाणं म्हंजी गाणं. त्यात काय बी येतंय, खरं नसतंय. एवढंच सांग सायबाला. बाप व्हनार हायेस. ठेकेदाराची मानसं लई वंगाळ."

मी हो म्हणून बसलो, ताई.

आज सारजाची आई, सुभद्राबाई, आली. वाटलं, रडेल, पाया पडेल. ती म्हणाली, "ते गाणं मला शिकीव. कागदावर माझी लेक कामाला न्हवती. गान्यात हाय."

बऱ्याचदा चुकली, पण पाठ करूनच उठली. माझ्या नावाची ओळ तिने अगदी जपून म्हटली. इतकी वर्षं मी गाणं रचणं ही माझी हौस समजत होतो. तिच्या तोंडून ऐकताना कळलं की ते कशासाठी रचायचं असतं. आता ते खोटं आहे असं साहेबाला कोणत्या तोंडाने सांगू?

म्हणून सोमवारी जे पाहिलं तेच सांगणार. फार भीती वाटते.

मी यायच्या आत बाळ आलं, किंवा माझं येणंच झालं नाही, तर पाळण्याशी हे गाणं म्हणू नकोस. त्याला जरा कळतं होऊ दे. मग मात्र पुरतं शिकव.

तुझा भित्रा भाऊ,
ज्योतीराम