एक कान मोकळा

प्रिय टिटवी,

तुझे तीन फोटो आणि त्याखालचा 'मावशे, लवकर सांग, शनिवार आला' हा हुकूम मिळाला. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मला अर्ध्या वाक्यात तोडतेस आणि मग मीही काहीतरी विनोद करून मोकळी होते. या वेळी विनोदावर निभावून न्यायचं नाही, म्हणून कागद घेतला आहे. वर्कशॉपच्या टेबलावर बसून लिहिते आहे, समोर कुणाचा तरी उघडा ॲम्प्लिफायर पडलाय, कागदाला सोल्डरचा वास लागला तर चालवून घे. सुरुवातीलाच एक सांगून टाकते. गाणी वाजवायचा डीजे कंट्रोलर कुठला घ्यायचा ते सांगेन, नीट सांगेन. पण शनिवारी दुपारी तू ज्या तळघरातल्या हॉलमध्ये वाजवणार आहेस तो हॉल मला माहीत आहे, आणि तिथल्या पायऱ्या तू उतरू नयेस असं मला वाटतं. का, ते एकदम लिहायचं धैर्य होत नाही. म्हणून आधी यंत्राचं बोलू.

पहिल्या फोटोतला चार चॅनेलचा, तो रंगीबेरंगी दिव्यांचा, त्याच्यावर तुझा जीव जडलाय हे न सांगता कळलं. सगळ्यात जवळून फोटो त्याचाच काढला आहेस. चांगला आहे, नावं ठेवायला जागा नाही. पण दोन गाणी अजून तुझ्या हातून कधी कधी एकमेकांच्या पायात पाय घालतात, आणि तू चार घेऊन बसणार? हात दाखवून अवलक्षण. दुसरा, बॅगेत मावणारा, लॅपटॉपच्याच विजेवर चालतो, मैत्रिणींच्या गच्चीवर ठीक आहे. त्याची चाकं एवढीशी आहेत, गाणं थोडं पुढेमागे सरकवायला गेलं की बोट घसरतं. शिवाय त्याला माइकचं भोकच नाही. तिसरा घे. तो करड्या रंगाचा, ज्याला तू 'सरकारी' म्हणालीस. दोनच चॅनेल, चाकं हातभर नसली तरी तळव्याएवढी, आणि दोन गाण्यांचा ताल आपोआप जुळवणारं सिंकचं बटण आहे. ते दाबायची लाज वाटून घेऊ नकोस. आम्ही दोन सीडी प्लेअर आणि मधे मिक्सर घेऊन ताल कानाने जुळवायचो आणि त्याचा भारी तोरा मिरवायचो, पण त्या नादात आमची मान कायम खाली असायची. बटणाने ताल जुळत असेल तर तेवढा वेळ मान वर करून समोर बघता येतं. ते जास्त महत्त्वाचं आहे.

आता दुकानात गेलीस की चार गोष्टी तपासायच्या, आणि दुकानदार हसला तरी तपासायच्या. माइकला स्वतःचं वेगळं बटण हवं. बोलायला लागलं की गाण्याचा आवाज आपोआप खाली जाईल अशी सोय हवी, करड्या यंत्रात ती आहे. माइक लावून लॅपटॉप बंद करायला सांग आणि बोलून बघ, आवाज स्पीकरवर आला तरच पुढचं बोल. आणि मागच्या बाजूला बूथसाठी वेगळं आउटपुट आहे का बघ, म्हणजे तुझ्या शेजारी छोटा स्पीकर ठेवता येतो आणि दोन्ही कानांवर हेडफोन दाबून बसावं लागत नाही. एक कान नेहमी मोकळा ठेवायचा. तू म्हणशील, मी काय सूत्रसंचालन करायला चाललेय का, मला माइक कशाला. तू लहानपणी रडायला लागलीस की अख्खी गल्ली जागी व्हायची, म्हणून तर टिटवी नाव पडलं तुझं. पण मागे मोठा स्पीकर वाजत असला की तुझासुद्धा आवाज पहिल्या रांगेपलीकडे जात नाही. मी ओरडून पाहिलं आहे.

तुला घरात काय सांगितलंय ते मला माहीत आहे. मावशीच्या कानाला त्रास झाला, डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं, म्हणून मावशीने वाजवणं सोडलं आणि यंत्रं दुरुस्त करायला लागली. तुझ्या आईलाही तेवढंच ठाऊक आहे. माझे कान ठणठणीत आहेत. पलीकडच्या टेबलावरचा कारागीर माझ्याविषयी काय पुटपुटतो तेही मला ऐकू येतं. तू दीड वर्षाची होतीस तेव्हा मी याच हॉलमध्ये वाजवायचे. तेव्हा त्याचं नाव दुसरं होतं, भिंती काळ्या होत्या, आता तुझ्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवरच्या फोटोत त्या पांढऱ्या दिसतात. पण पत्ता वाचला आणि मागच्या बाजूला सायकल-दुरुस्तीची गल्ली आहे हे वाचलं, तेव्हा हातातला चहा मी तसाच खाली ठेवला.

माझ्याबरोबर दिवे सांभाळायला एक जण असायचा. त्याला सगळे लंबू म्हणायचे, दारातून वाकून यायचा. बोलायला मोजका, पण त्याचे दिवे माझ्या गाण्याच्या अर्धा क्षण आधी बदलायचे, मी पुढे काय लावणार हे त्याला माझ्या खांद्यावरून कळायचं. नाचताना नकली धूर सोडायचं यंत्रही त्याच्याकडेच. आम्ही लग्न वगैरे करणार होतो का, असं तुझ्या मनात येईल, आलंच असेल. तसं कधी आम्ही बोललो नाही. बोललो असतो, एवढं नक्की.

त्या दिवशी दुपारी विद्यार्थ्यांचा कार्यक्रम होता. परीक्षा संपलेल्या, दोनशेच्या वर मुलं. मागच्या भिंतीजवळून पांढरा धूर यायला लागला आणि मला वाटलं लंबूने यंत्र जरा जास्तच सोडलं. मी त्याच्याकडे बघून हाताने कमी कर अशी खूण केली. त्याने दोन्ही हात उघडे करून दाखवले, म्हणजे मी काहीच केलेलं नाही. मी मान खाली घातली, पुढचं गाणं जुळवायचं होतं, दोन्ही कान हेडफोनमध्ये. वर पाहिलं तेव्हा समोरच्या सगळ्यांचे हात वर होते. टिटवी, हात वर गेले की आपल्या धंद्यात काय समजतात ते तुला माहीत आहे. मला वाटलं, आज जमलं. मी आवाज वाढवला. ती मुलं मला हात हलवून थांब म्हणत होती, काही धुरातून एकमेकांना शोधत होती, आणि मी त्यांना आणखी मोठ्याने गाणं ऐकवत होते. मागच्यांना पुढच्यांचं ओरडणं ऐकू गेलं नाही, पुढच्यांना मागच्यांचं नाही. छताच्या आतली वायर पेटली होती. लंबू गर्दीतून आला, माझ्या कानांवरचे हेडफोन ओढून काढले, मला जिन्याकडे ढकललं आणि स्वतः मागच्या दाराकडे वळला, कारण तिकडे मुलं अडकली होती. माझ्या प्लेअरवर गाणं सुरू झालेली वेळ आणि वीज गेल्याची वेळ नंतर मी मनात शंभरदा लावून पाहिली. मी चार मिनिटं वाजवत राहिले होते.

दोघं गेली. लंबू आणि एक अठरा वर्षांची मुलगी, दोघंही मागच्या दाराशी सापडली. त्या दाराला साखळी होती. तिकिटाशिवाय पोरं तिकडून आत शिरतात म्हणून मालक ती कार्यक्रम सुरू झाला की लावायचा, आणि वर घडीच्या खुर्च्यांची थप्पी रचून ठेवायचा. ती साखळी लावताना मी दर वेळी बघायचे. आम्ही त्यावर हसायचोसुद्धा, मालक फुकट्यांना भूत समजतो म्हणून.

आणि त्याच दारापायी मी हे लिहायला बसले आहे. काल मी तिथे जाऊन आले. तुझ्या कार्यक्रमाची साउंड सिस्टिम बघायला आले असं सांगितलं, वर्कशॉपचं ओळखपत्र गळ्यात होतंच, कुणी अडवलं नाही. रंग छान दिलाय. आरसे लावलेत, त्यामुळे हॉल दुप्पट वाटतो आणि बाहेर जायचा रस्ता कुठे आहे ते दुप्पट कळत नाही. मागच्या दाराच्या बोळात गेले. खुर्च्या आता प्लॅस्टिकच्या आहेत, शीतपेयांचे क्रेट वाढलेत, साखळी नवी आहे, चकचकीत. देखरेख करणाऱ्या माणसाला मी सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, फुकटे शिरतात हो. मग मी म्हटलं, इथे पूर्वी काहीतरी झालं होतं ना. बिचारा चांगला माणूस, मला धीर द्यायला म्हणाला की काळजी करू नका, ते एका दिवेवाल्याच्या चुकीने झालं, दार तेव्हाही उघडंच होतं, तसा कागद आहे आमच्याकडे, नव्या परवान्यालाही तोच जोडला. मी केबल मोजत असल्याचं नाटक करत दोन मिनिटं तिथेच वाकून उभी राहिले.

तो कागद माझा आहे, टिटवी. चौकशीच्या आदल्या दिवशी मालक घरी आला होता. म्हणाला, गाणं किती वेळ चालू होतं हे कुणी विचारलं तर पंचाईत तुझीच आहे, तू सांग की धूर दिसताक्षणी बंद केलं, मी तुझं कशाला खोडून काढू. फक्त दाराचं विचारलं तर दार उघडं होतं म्हण. अळीमिळी गुपचिळी. मी तसंच सांगितलं. सही केली. मग कुणाची तरी चूक असायलाच हवी होती, ती लंबूच्या धुराच्या यंत्रावर गेली, कारण तो सांगायला नव्हता. त्याची आई चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती, निकाल ऐकून तिने मलाच विचारलं की माझ्या मुलामुळे झालं का गं हे. मी तिचा हात धरला आणि गप्प बसले. वीस वर्षं गप्प आहे. माझ्या त्या सहीवर त्या हॉलला परवाना मिळालाय, आणि त्या परवान्यावर तू शनिवारी दोनशे मुलांपुढे उभी राहणार आहेस. उद्या सकाळी मी अग्निशमन कार्यालयात जाऊन लिहून देणार आहे की माझा जबाब खोटा होता, दाराला साखळी होती, आणि गाणं मी बंद केलं नव्हतं. ते लगेच हॉल बंद करतील की मलाच बाकावर बसवून ठेवतील, मला माहीत नाही. तुझा पहिला कार्यक्रम माझ्यामुळे बुडेल, तू चिडशील, चीड. तुझी आई माझ्याशी बोलणं टाकेल कदाचित, तिला हे पत्र वाचायला दे, मला तोंडाने सांगता येणार नाही. लंबूची आई अजून आहे, जुन्याच घरी, मी चौकशी केली. कार्यालयातून सुटले की तिच्याकडे जाईन, मग तुझ्याकडे, दार उघडलंस तर. पण उद्या तिथे माझं कुणी ऐकलं नाही, शनिवारी हॉल उघडाच राहिला, तरी तू खाली उतरू नकोस. तुझ्याबरोबर दिवे लावायला जो कुणी येणार असेल त्यालाही उतरू देऊ नकोस.

तुझीच,
मावशी